वेणूकाकूंच्या बागेचं पाणी

माझं अक्षर मुंग्या सैरावैरा पळाल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. बोरीला माहेरी चौथीपर्यंत शिकले, त्यालाही जन्म लोटला. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी उद्या कुणाच्या हाती पडलीच तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. मला माणसांसमोर बोलता येत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून बरं वाटतं.

परवा समोरच्या घरच्या नव्या सुनेनं भर दुपारी मोगऱ्यावर नळी धरली. वरून, पानांवर, चांगली धार लावून. मी खिडकीतून पाहत होते. ‘अगं, उन्हात नको, आणि मुळाशी घाल,’ एवढंच सांगायचं होतं. दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. वेणूकाकू असत्या तर रस्ता ओलांडून त्यांनी तिच्या हातातली नळीच काढून घेतली असती, आणि वर विचारलं असतं, “तू उन्हातून आल्यावर तुझ्या टाळूवर कुणी असं पाणी ओतलं तर चालंल का गं?”

तेव्हापासून वेणूकाकू डोक्यातून जाईनात. म्हणून लिहायला बसले.

वेणूकाकू जिंतूरला आमच्या शेजारी राहत. त्यांच्या यजमानांना आम्ही नुसतं काका म्हणत असू. ते तहसील कचेरीत कारकून होते. तेव्हा राज्य निजामाचं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, त्यामुळे काका घरी आले तरी त्यांच्या तोंडून ‘दरखास्त’ आणि ‘हुकूम’ जात नसत. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा काकूंच्या दोन्ही मुली हिंगोलीकडे नांदायला गेलेल्या होत्या. घर साधं, दोन खोल्या आणि ओसरी. रस्ता आणि ओसरी यांच्यामध्ये जो तुकडा असतो, जिथं बाकीच्या घरांपुढं गाडी सोडलेली असे नाहीतर गोवऱ्या रचलेल्या असत, तिथं काकूंची बाग होती. फाटकापासून पायरीपर्यंत एक अरुंद वाट, दोन्ही अंगाला वाफे, रस्त्याच्या कडेनं पऱ्हाट्यांचं कुंपण आणि त्यावर चढवलेली जुई.

काकू ठेंगण्या, सावळ्या. लुगड्याचा काष्टा घट्ट, कमरेला खुरपं खोचलेलं. नखं कायम मातीनं भरलेली. हळदीकुंकवाला गेल्या तर लोक त्यांच्या हाताकडं बघत, आणि काकू ते हात खुशाल पुढं करत. त्यांच्याकडं गेलं की ‘ये, बस’ हा शब्द नसे. “हात रिकामे हायत का?” हाच पहिला प्रश्न. मग आपल्या हातात काहीतरी येई, वेल बांधायची सुतळी नाहीतर शेणखताची पाटी, आणि गप्पा व्हायच्या त्या काम करता करता. माझ्यासारखीला ते फार सोयीचं होतं. हातात काम असलं की माणसाकडं बघून बोलावं लागत नाही.

महिना-तिथी त्या सांगत नसत. सगळं झाडांवरून. “तुझी थोरली झाली तवा शेवंतीला कळ्या हुत्या.” “काकांना ताप आला तवा मोगरा नागवा हुता.” मोगरा नागवा म्हणजे पौष. पौषात त्या मोगऱ्याचं पाणी तोडत, सगळी पानं ओरबाडून काढत, बुडाची माती उकरून मुळं उन्हाला उघडी ठेवत. पहिल्या वर्षी मी ते पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. चांगलं हिरवं झाड, त्याचे हे हाल. काकू म्हणाल्या, “लय लाड झाल्यावर फुलतंय का कुणी? बघ फाल्गुनात.” फाल्गुनात खत-माती घालून पाणी सुरू केलं, आणि चैत्र लागताना त्या काटक्यांवर इतक्या कळ्या आल्या की संध्याकाळी आमच्या ओसरीवर वास येई.

आमच्याकडची जमीन काळी. कापसाला सोन्यासारखी, पण फुलझाडांना वैरीण. “काळी म्हंजे सासू बघ,” काकू म्हणायच्या. “पावसाळ्यात पाय सोडत न्हाई, उन्हाळ्यात तडकून बसती.” पहिल्या वर्षी त्यांनी हौसेनं सगळी झाडं तशीच काळीत लावली होती, आणि श्रावणात एकेक मूळ कुजून गेलं. मग त्यांनी गावाबाहेरच्या पांढरीची माती आणायचं ठरवलं. जुनं गाव जिथं होतं ती जागा म्हणजे पांढरी. तिथली माती भुसभुशीत आणि कसदार असते. कुणबी ती गाडीनं शेतात नेतात. काकूंकडं गाडी नव्हती. त्या रोज संध्याकाळी डोक्यावर पाटी घेऊन जात आणि भरून आणत. कचेरीतल्या कारकुनाची बायको भर रस्त्यानं मातीची पाटी वाहते, हे गावाला पचेना.

“अहो,” काका ओसरीवरून म्हणाले, “कचेरीत मला विचारायलेत, तनखा पुरत न्हाई का म्हणून.”

“त्यांना म्हणावं पुरतो. माती पुरत न्हाई.”

काका हसले. दुसऱ्या दिवशी काळोख पडल्यावर तेही एक पाटी घेऊन निघाले. उजेडात मात्र ते कधी गेले नाहीत.

काकूंचा एक नेम होता. झाडाची काडी त्या कधी मागत नसत. चोरत. मागून आणलेलं झाड रुसतं आणि चोरून आणलेलं लागतं, अशी आमच्याकडच्या बायकांची समजूत आहेच, पण काकू ती देवधर्मासारखी पाळत. एरवी भाजीवाल्यानं चुकून जास्त घातलेली मिरचीही परत करणारी बाई.

एकदा तहसीलदारांच्या बेगमसाहेबांनी बायकांना बंगल्यावर बोलावलं होतं. काकूंनी मला बरोबर नेलं. बंगल्यापुढं गुलाबी गुलाबाची रांग होती. निघताना काकू जरा मागं रेंगाळल्या, आणि फाटकाशी आलो तेव्हा त्यांच्या पदरावर रक्ताचा डाग उमटलेला. आत काडी होती, काटा बोटात शिरला होता. बेगमसाहेबांनी ते पाहिलं. 

“मंगते तो मैं देती थी ना,” बेगमसाहेब म्हणाल्या. “चुराना कायकू?”

“मंगके लाया तो झाड नै लगता, बेगमसाहेब,” काकू म्हणाल्या, इतक्या शांतपणे की जणू पाककृती सांगत होत्या.

 बेगमसाहेब गर्रकन पाठ फिरवून उभ्या राहिल्या. “लेव. मैं कुछ नै देखी. वो पिवळा भी अच्छा है.”

त्यांची तीन वर्षांनी बदली झाली, तोपर्यंत काकू बंगल्यावर गेल्या की निघताना बेगमसाहेब पाठ फिरवत. आणि काकूही दुसऱ्यांशी तशाच वागत. मला मोगऱ्याचं रोप हवं होतं, पण मी ना मागू शके ना चोरू शके. महिनाभर मी नुसती बघत होते. शेवटी एक दिवस काकू कुंपणापलीकडून मोठ्यानं म्हणाल्या, “मी आज दुपारी झोपणार हाय. फाटकाजवळच्या फांदीला मुळं फुटलीत. खुरपं पायरीवर ठेवलंय.” आयुष्यात दुपारी न झोपलेली बाई! मी गेले, रोप काढलं आणि पळाले. आत काकू घोरायचं सोंग करत होत्या, आणि काका त्यांना हळू म्हणत होते, “जरा कमी. ती घाबरंल.”

पण या चोरीला त्यांनी एक कुंपण घातलेलं होतं. “झाड चोरावं, पाणी चोरू नये,” असं त्या म्हणत. गल्लीत एकच आड. फाल्गुनापासून त्याचा तळ दिसायला लागे. त्या दिवसांत काकू आडाचं एक भांडंही बागेला घालत नसत. ते माणसांचं पाणी. बागेसाठी हुसेनभाई पखाल आणत. हुसेनभाई म्हणजे आमच्याकडचे पखाली. दूरच्या विहिरीवरून चामड्याच्या पखालीत पाणी भरून रेड्याच्या पाठीवर टाकून आणायचं आणि घरोघर विकायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. एका पखालीवर काकू सगळी बाग जगवत. प्रत्येक आळ्याला किती तांबे हे ठरलेलं. मग भेगा बुजवायला खुरपं फिरवायचं आणि वर तुराट्यांची सावली.

चामड्यातलं पाणी आमच्याकडं कुणी पीत नसे. बागेला चाले. पण गल्लीतल्या वकिलीणबाईंना तेही खुपलं. रोज सकाळी काकूंच्या बागेतली फुलं गल्लीभर देवाला जात, फुकट, कारण फुलं विकायची नाहीत हाही काकूंचा नेम. वकिलीणबाई परडी पुढं करून म्हणाल्या, “वेणूताई, चामड्याच्या पाण्यावरची फुलं देवाला कशी चालायची?”

“पावसाचं पाणी कुणाच्या भांड्यातून येतंय ते आधी कळवा,” काकू म्हणाल्या. “तवर परडी इकडं द्या, रिकामी करते.”

वकिलीणबाईंनी परडी दिली नाही.

मग ते शेवटचं वर्ष आलं. निजामाचं राज्य जायच्या आधीचा उन्हाळा. त्याबद्दल मोठ्या माणसांनी पुष्कळ लिहिलं असेल. मला आठवतं ते एवढंच, की दिवे लागले की दारं लागत आणि हत्यारं घेतलेल्या टोळ्या रस्त्यानं गेल्या की आम्ही मुलांच्या तोंडावर हात ठेवत असू. काकांचा तनखा येईना. घरात ज्वारी उसनी आणलेली. काकूंनी चैत्र लागताना हुसेनभाईंना फाटकाशीच सांगितलं, “उद्यापासून पखाल नको. पैसे न्हाईत.”

हुसेनभाईंनी रेड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मोगऱ्याकडं पाहिलं. मोगरा भरात होता. “अम्मा,” ते म्हणाले, “तनखा बंद है बोलके झाडां को मालूम नै ना.”

“तुला तर मालूम हाय.”

“बाद में देव. मैं कहाँ जातूं?”

 काकू म्हणाल्या, “चार आणे पखाल. एक पै कमी न्हाई.” आणि फाटक उघडलं.

मृगाचे ढग येईपर्यंत हुसेनभाईंनी पाणी घातलं. त्यांच्या मोहल्ल्यातलेही त्यांना बोलत होते म्हणे, या दिवसांत हिंदूच्या बागेला उधार पाणी कशाला. आषाढात धास्ती फारच वाढली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका-पोरांना वऱ्हाडात, लोणारला पाठवायचं ठरलं. काकूंनी जायच्या आदल्या दिवशी झेंडूची रोपं लावून घेतली. हुसेनभाई फाटकाशी आले होते. “पंधरा रुपये झालेत,” काकू म्हणाल्या, “ध्यानात हाय माझ्या.” हुसेनभाई म्हणाले, “जाके आव अम्मा.”

भाद्रपदात राज्य गेलं. आम्ही परत आलो तेव्हा काकूंच्या वाफ्यांत झेंडूला झाकून कमरेएवढं गवत होतं. घराचं कुलूप काढायच्या आधी त्यांनी खुरपं काढलं. पण हुसेनभाई आले नाहीत. वारं फिरलं होतं. आता त्यांचा मोहल्ला भिऊन पळाला होता. काकू मला घेऊन तिकडं गेल्या. हुसेनभाईंच्या घराचं छप्पर जळून आत पडलं होतं. रांजण फुटलेले. शेजारच्या एका म्हातारीनं सांगितलं की जीव घेऊन सगळे निघाले, कुठं ते ठाऊक नाही.

 रात्री काकूंनी काकांना म्हटलं ते भिंतीतून मला ऐकू आलं. “पाणी तसंच राहिलं त्याचं.”

गल्लीत त्यांची समजूत घालायला पुष्कळ जणी आल्या. राज्य गेलं, त्याबरोबर हिशेबही गेले, असं सगळ्यांचं म्हणणं. वकिलीणबाई म्हणाल्या, “त्यांनी आपलं काय काय केलंय ते आठवा, वेणूताई. आणि तुमी पैसे द्यायला शोधायलात?”

“त्यांनी म्हंजे कुणी?” काकूंनी विचारलं. “हुसेननं माझ्या मोगऱ्याला पाणी घातलं. दुसरं काय केलं ते मला माहीत न्हाई.”

थोड्या दिवसांनी काकांचा अडलेला तनखा थोडा थोडा मिळू लागला. काकांनी पंधरा रुपये वेगळे काढून त्यांच्यापुढं ठेवले. काकूंनी ते परत सारले. “तुमच्या पोटाची उधारी तुमी फेडा. बागेची उधारी बाग फेडील.”

त्या दसऱ्याला वेणूकाकू बाजारात बसल्या. आयुष्यभर फूल न विकलेली बाई पोतं अंथरून, पुढं झेंडूचा ढीग घालून बसली. तोरणं ओवायला मी होते, पदर नाकापर्यंत ओढून. त्यांना ते सोपं गेलं नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं, भाव विचारला, आणि काकूंच्या तोंडातून आवाजच निघेना. शेवटी मी म्हणाले, “एक आणा.” बाजारात मी काढलेला तो पहिला शब्द. काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं जसं मुकं जनावर बोललंय.

वकिलीणबाई आल्याच. “अगं बाई, वेणूताईंनी दुकान टाकलं!”

“व्हय,” आता काकूंना आवाज फुटला. “घ्या तोरण. तुमाला दोन आणे.”

“मला का दोन?”

“इतकी वर्षं फुकट न्हेलीत त्याचं व्याज.”

आजूबाजूचे माळी हसले. वकिलीणबाईंनी दोन आणे टाकले, आणि तोरण उलटून-पालटून पाहत निघून गेल्या.

दसरा झाला, दिवाळी झाली, मग शेवंती सुरू झाली. दर बाजारच्या दिवशी काकू बसत. आलेली नाणी एका फडक्यात बांधून ठेवत, त्यातून मिठासाठीही कधी पैसा काढला नाही. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानाला, मोटारवाल्याला, फकिराला एकच विचारत, पखाली हुसेन कुठं दिसला का. मार्गशीर्षात एका मोटारवाल्यानं सांगितलं, पूर्णेच्या पुढं चुडाव्याला स्टेशनवर एक जिंतूरचा पखाली पाणी भरतो, त्याचा मेव्हणा रेल्वेत आहे.

काकू, काका आणि मी निघालो. मला का नेलं ते मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “भाव बोलायला.” मोटारीनं परभणी, तिथून गाडी. काकूंनी आगगाडीत मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. पदराच्या गाठीत ते फडकं होतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत काकांची बदली झाली. काकू गाडीत बसून गेल्या, मी दारात उभी होते, हे मला माहीत आहे. पण तो निरोप आता नीट आठवत नाही. वेणूकाकू म्हटलं की मला त्या चुडाव्याच्या स्टेशनावर दिसतात.

गाडी आम्हाला उतरवून निघून गेली. फलाटाच्या टोकाला हुसेनभाई रांजण भरत होते. दाढी पांढरी झालेली, अंगावर मोठा होणारा कुणाचा तरी सदरा. आमच्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं, आणि आधी आमच्या मागं पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. मग ओळखलं.

“अम्मा?”

“रेडा कुठं हाय रे?” काकूंनी विचारलं.

“गया अम्मा.” मग, “मोगरा कैसा है?”

“माजलाय. पौषात बघते त्याच्याकडं.”

काकूंनी गाठ सोडली. हुसेनभाई मागं सरकले. “नक्को अम्मा. वो सब गया. वो पैसा नक्को.”

“पंधरा हायत.”

“पंधरा नै होते. आखिर के दिनों का पानी मैं नाले के झिरे से लाया, कुएँ का नै था. झिरे का पैसा कौन लेता? ग्यारा हुए बोलो ज्यादा से ज्यादा.”

“झिऱ्यापर्यंत रेडा तुझाच गेला ना? पंधरा.”

“बारा.”

“अरे, मी भाव पाडायला आले न्हाई, तू कशाला पाडायलास?” काकूंचा आवाज चढला. स्टेशनातला एक माणूस बाहेर येऊन बघायला लागला. काका हळूच म्हणाले, “हुसेनमियाँ, घेऊन टाका. आमची गाडी संध्याकाळची आहे, पण ह्या सकाळपर्यंत भांडतील.”

हुसेनभाईंनी हसून हात पुढं केला आणि फडकं तसंच खिशात घालायला निघाले.

“मोज,” काकू म्हणाल्या.

“तुम देते सो बराबर है अम्मा.”

“मोज. न मोजता घेतलंस तर ते दान झालं. मी दान घेऊन इतक्या लांब आले न्हाई.”

हुसेनभाई फलाटावर बसले. खांद्यावरचा रुमाल पसरला आणि त्यावर नाणी ओतली. निजामाचे हाली रुपये थोडेच, बाकी सगळ्या पावल्या, चवल्या, एक आणे. बरीचशी झेंडूच्या पिवळ्या हातांनी मळलेली. ते ढीग करत मोजू लागले. मध्येच थांबले, रुमालाकडं नुसतं बघत राहिले. काकू त्यांच्या समोर उकिडव्या बसल्या होत्या. “चुकलास,” त्या म्हणाल्या. “पुन्हा लाव.” त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. सावकाश, एकेक ढीग बोटानं सारत.

“पंधरा,” ते शेवटी म्हणाले.

“पुरे?”

“पूरे, अम्मा.”

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. गाठीनं पदराच्या टोकाला चुण्या पडल्या होत्या. त्या त्यांनी तळव्यानं सपाट केल्या, आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.